बैलगाडीचे जू आणि ट्रॅक्टरची पिन
जुन्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडण्याचा एक धडा



दिवाळी सरली की आपल्या सीमाभागातील रस्ते उसाने भरून जातात. निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी या बाजूच्या कारखान्यांकडे आणि पलीकडे कागल-कोल्हापूरकडे दिवसरात्र ट्रॉल्या धावत असतात. ज्याच्या घरी नवा ट्रॅक्टर नाही तो वीस-पंचवीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर दुरुस्त करून घेतो, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून हूक बसवून घेतो आणि हंगामात उतरतो. पोटापाण्यासाठी तसे करणे चूक नव्हे. जुने यंत्रही नीट राखले तर चांगले काम देते. परंतु इंजिन, टायर, पंप यांची जेवढी चौकशी आपण करतो, तेवढी चौकशी ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधल्या जोडाची करतो काय? सारा भार त्या एका हातभर जागेतून ओढला जातो. ती जागा चुकली, तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोट, पाय किंवा प्राणही जातो.

आजच्या धड्यात तो जोड कसा असावा, कोठे असावा आणि का, हे पाहू. धडा ट्रॅक्टरचा असला तरी त्याचे मूळ आपल्या आजोबांच्या बैलगाडीत आहे.

उलाळ गाडीचा नियम

दोन चाकांची बैलगाडी भरणारा जाणता माणूस माल वाटेल तसा टाकत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्याला जोते आवळते आणि चढावर तर बैल लटकायला येतात. माल पुढे जास्त झाला की जू मानेवर बसते. बैलांचे खांदे सुजतात आणि उतारावर बैल गुडघ्यावर येतात. म्हणून गाडीवान आसाच्या थोडा पुढे भार ठेवतो. जू हाताने उचलून पाहतो, दोन मोळ्या इकडच्या तिकडे करतो आणि गाडी तोलात आणतो. जुवावर भार हवा, पण थोडा हवा.

ट्रॅक्टरच्या दोन चाकी ट्रॉलीला हाच नियम लागू आहे. फरक एवढाच की बैल आपले दुखणे अंग चोरून दाखवतो; ट्रॅक्टर दाखवत नाही. त्याची पुढची चाके हलकी होत जातात आणि एखाद्या चढावर एकाएकी जमिनीवरून सुटतात, तेव्हाच चालकाला कळते.

दुसरी गोष्ट चाकाच्या कुणीची. आसाच्या टोकाची ती लहानशी खीळ पडली की भरली गाडी रस्त्यात बसते. म्हणून गाडी जुंपण्यापूर्वी कुणी पाहण्याची रीत होती. ट्रॅक्टरच्या हुकाची पिन आणि त्या पिनेची क्लिप ही आजची कुणी होय. ती पाहण्याची रीत मात्र अनेक घरांत उरलेली नाही.

जोडाचे तीन प्रकार

पहिला प्रकार चार चाकी ट्रॉलीचा. हिच्या पुढच्या दोन चाकांवर टर्नटेबल असते आणि दांडा वरखाली हलतो. मालाचा सगळा भार तिच्या स्वतःच्या चारही चाकांवर राहतो. ट्रॅक्टरवर फक्त ओढ येते. उसाच्या जोड ट्रॉल्या बहुधा याच जातीच्या असतात.

दुसरा प्रकार दोन चाकी ट्रॉलीचा. हिचा काही भार हुकावर बसतो. ट्रॉली आणि माल मिळून जे वजन होईल त्याच्या साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भार हुकावर असावा. तो फारच कमी झाला किंवा ट्रॉली उलाळ झाली, तर हूक वर ओढला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि ट्रॉली रस्त्यावर डुलू लागते.

तिसरा प्रकार महामार्गावर दिसतो. पुणे-बंगळूर रस्त्यावर निपाणीजवळ घटकाभर उभे राहिलात तर कंटेनरचे लांब ट्रक पाहावेत. त्यांच्या मागच्या भागाला पुढे चाकेच नसतात. त्याचे पुढचे टोक ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर, मागच्या आसाच्या अगदी वर किंवा किंचित पुढे टेकलेले असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अशा वाहनाला सेमी-ट्रेलर म्हटले आहे: ज्याचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकतो आणि ज्याचे काही वजन ते वाहन उचलते, असे वाहन. अमेरिकेतील शेतकरी आपल्या पिकअप गाडीला याच तत्त्वावर जनावरांची ट्रॉली जोडतात. ट्रॉलीचा दांडा हंसाच्या मानेसारखा वर जाऊन पिकअपच्या हौद्यात उतरतो आणि तेथील लोखंडी गोळ्यावर बसतो. तेथे त्याला हंसमानेचा जोड असेच म्हणतात.

हा तिसरा जोड अधिक भार का सोसतो? कारण भार आसाच्या मागे लोंबत नाही, तर आसावर बसतो. समजा, हुकावर ६०० किलो भार आहे आणि हूक मागच्या आसाच्या मागे ६० सेंटिमीटरवर आहे. पुढच्या आणि मागच्या आसातले अंतर १९० सेंटिमीटर धरा. मग ६०० ला ६० ने गुणून १९० ने भागले की सुमारे १९० किलो येतात. तेवढे वजन पुढच्या चाकांवरून उचलले गेले आणि मागच्या आसावर ६०० ऐवजी ७९० किलो आले. हाच भार आसाच्या नेमका वर ठेवला, तर पुढच्या चाकांचे काहीच जात नाही. लहान मूल पाटीच्या मध्यावर बसले काय आणि टोकावर बसले काय, वजन तेच. पण पाटी उलटते ती टोकावर बसल्याने.

पिकअपविषयी सावधगिरी

हे वाचून कोणी आपल्या जुन्या पिकअपच्या हौद्यात गोळा बसवायला निघेल, म्हणून येथेच सांगणे जरूर आहे. योग्य रीतीने असा जोड बसवायचा तर गोळ्याचा मध्य मागच्या आसाच्या वर किंवा काही इंच पुढे यावा लागतो. हौद्याच्या पत्र्यावर वेल्डिंग करून काहीच उपयोग नाही, पत्रा फाटतो. पत्र्याखाली जाड आडवी चौकट घालून ती चेसिसच्या दोन्ही बाजूंना उच्च ताकदीच्या बोल्टांनी कसावी लागते. वळताना ट्रॉलीची मान हौद्याच्या फाळक्याला लागू नये एवढी मोकळीक लागते. अशा ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास भार गोळ्यावर येतो. ३,००० किलोच्या ट्रॉलीचे ६०० किलो पिकअपवर बसले, तर एक टन वाहणाऱ्या गाडीत माणसे आणि सामान मिळून ४०० किलोच उरतात. गंजलेली चेसिस, थकलेले पाटे आणि चार चाकांपुरतेच बनवलेले ब्रेक हे सगळे झेलतील काय?

शिवाय कारखान्याने ठरवलेल्या बनावटीत मनाने फेरफार करण्यास कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई आहे. अपघात झाल्यावर विमा कंपनी प्रथम हाच प्रश्न विचारते. तेव्हा हंसमानेच्या जोडाचे तत्त्व आपण शिकावे आणि ते आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावावे; पिकअपला हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे.

ओढ किती उंचीवरून

भाराइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओढीची उंची. ट्रॅक्टरची मागची चाके जमिनीला टेकतात ती जागा टेकू समजा. हूक जितका उंच, तितकी ट्रॉलीची ओढ ट्रॅक्टरला त्या टेकूभोवती मागे पाडू पाहते. झाडाला दोर बांधून ओढताना दोर बुंध्याशी बांधला तर झाड हलत नाही, शेंड्याशी बांधला तर वाकते, तसेच हे.

एक ढोबळ हिशेब करू. ३५ अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर. वजन १,८०० किलो. त्यातले ७०० किलो पुढच्या चाकांवर. मागे चार चाकी ट्रॉली, माल धरून १०,००० किलो. चढ पंधरा फुटांना एक फूट. चढामुळे सुमारे ६७० किलोची ओढ आणि रस्त्यावर चाके फिरवण्याची सुमारे ३०० किलोची, मिळून ९७० किलो.

हूक जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर असला तर या ओढीने पुढच्या चाकांवरचे सुमारे २५५ किलो कमी होतात. चढामुळे ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन मागे सरकते, त्याचे आणखी ४५ किलो गेले. उरले ४००.

तोच हूक ८० सेंटिमीटरवर असला तर ओढीने ४०८ किलो जातात. चढाचे ४५ वजा केले की उरतात २४७.

सुकाणू नीट चालण्यासाठी ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे असा जाणकारांचा नियम आहे. १,८०० किलोचा पाचवा हिस्सा ३६०. म्हणजे पहिल्या ट्रॅक्टरचे सुकाणू चालेल. दुसऱ्याचे चालकाच्या हातात असून नसल्यासारखे. तोच ट्रॅक्टर, तीच ट्रॉली, तोच रस्ता. फरक फक्त एका हुकाच्या एका फुटाचा. आणि हा हिशेब संथ चालीचा आहे. चढावर थांबून क्लच झटक्याने सोडला तर ओढ कितीतरी वाढते, पुढची चाके उचलली जातात आणि एक-दीड सेकंदात ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर येतो. तेवढ्या वेळात उडी मारता येत नाही.

म्हणून हा नियम घरातल्या प्रत्येकाने पाठ करावा : ओढ नेहमी मागच्या आसाच्या मध्याच्या खालून. वरच्या लिंकेच्या जागेला, आसाच्या घराला किंवा सीटखालच्या कोणत्याही भागाला साखळी बांधून ट्रॉली, ओंडका किंवा चिखलात रुतलेली गाडी कधीही ओढू नये.

खालच्या दोन लिंकांमध्ये बसवलेल्या छिद्रांच्या पट्टीला ट्रॉली जोडण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. ही पट्टी हायड्रॉलिकच्या लिव्हरबरोबर वर जाते. चालकाच्या कोपराचा धक्का लागला की ओढीची उंची वाढते. पट्टीला स्थिर ठेवणारे तणावे लावलेले नसतील तर तिला भरली ट्रॉली जोडू नये.

जुन्या ट्रॅक्टरची तपासणी

हूक बसवण्यापूर्वी किंवा हंगामाच्या आरंभी पुढील क्रमाने पाहावे.

१. हुकाची चौकट ज्या घराला बसते ते पुसून काढावे आणि बोल्टांच्या भोकांभोवती केसासारखी चीर आहे काय ते पाहावे. गंजाची लालसर रेघ दिसली तर तेथे चीर असण्याचा संशय धरावा. घर बिडाचे असते. बिडाला साधे वेल्डिंग टिकत नाही.

२. चौकटीचे सगळे बोल्ट एका जातीचे, उच्च ताकदीचे असावेत. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असतो. एक बोल्ट तुटला म्हणून भंगारातला मऊ बोल्ट घालणे म्हणजे साखळीत सुतळीची कडी घालणे होय.

३. पिन काढून तिची जाडी झिजलेल्या जागी आणि न झिजलेल्या जागी मोजावी. दहावा हिस्सा झिजली असेल तर बदलावी. भोक आणि पिन यांत सुताभराहून अधिक खेळ असला की प्रत्येक धक्क्याला हातोडा बसल्यासारखे होते. भोक लंबगोल झाले असेल तर लेथवाल्याकडून बुश घालून घ्यावे. सळईचा तुकडा पिनेच्या जागी कधीही घालू नये.

४. पिन वरून खाली घालावी आणि तिच्या खालच्या टोकाला क्लिप असावी. तारेचा तुकडा ही क्लिप नव्हे.

५. मागच्या टायरांची हवा दोन्हीकडे सारखी असावी. एक टायर बसका असला की हूक एका बाजूला झुकतो आणि पिनेला पीळ पडतो.

६. डाव्या आणि उजव्या ब्रेकचे पेडल जोडणारी खिटी शाबूत असावी. शेतात वळताना ती मोकळी करतात. रस्त्यावर ती लावलेलीच हवी. एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॉली ट्रॅक्टरला वळवून घालते.

७. पुढे वजने लावण्याची सोय असेल तर ती कंपनीने सांगितली तेवढीच लावावी. वजने सुकाणू सांभाळतात. जादा माल भरण्याचा परवाना देत नाहीत.

हुकावरचा भार मोजण्याची सोपी रीत

प्रत्येक कारखान्यावर आणि बाजारपेठेत वजनकाटा असतो. प्रथम एकटा ट्रॅक्टर काट्यावर घ्यावा. मग भरलेली दोन चाकी ट्रॉली जोडून फक्त ट्रॅक्टरची चारही चाके काट्यावर येतील आणि ट्रॉलीची चाके बाहेर समपातळीवर राहतील असे उभे करावे. दोन वजनांतला फरक हाच हुकावरचा भार. नंतर फक्त पुढची दोन चाके काट्यावर घेऊन त्यांवर किती उरले तेही पाहावे. थोडे पैसे आणि दहा मिनिटे खर्च होतील. पण माल कोठे ठेवायचा हे हंगामभर कळेल.

ऊस भरताना वाढ्यांकडचा हलका भाग आणि बुडख्यांकडचा जड भाग कोणत्या बाजूला येतो याकडेही लक्ष असावे. मागच्या फाळक्याबाहेर फार लोंबलेला ऊस चढावर उलाळ वाढवतो.

जोडण्याची रीत

ट्रॉली जोडताना सर्वांत जास्त इजा होते ती मागे सरकणाऱ्या ट्रॅक्टरच्या आणि दांड्याच्या मधे उभ्या असलेल्या माणसाला. बहुधा तो घरातला मुलगा किंवा टोळीतला मजूर असतो. म्हणून ही रीत मोडू नये.

पहिले, जागा सपाट निवडावी आणि ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. दुसरे, दांडा माणसाने धरून ठेवू नये. तो जॅकवर किंवा भक्कम टेकूवर हुकाच्या उंचीला ठेवावा. तिसरे, चालकाने सावकाश मागे यावे. खूण करणारा एकच असावा आणि तो बाजूला, चालकाला दिसेल असा उभा असावा. तो दिसेनासा झाला की चालकाने तत्काळ थांबावे. चौथे, ट्रॅक्टर पूर्ण थांबला, गिअर काढला, हाताचा ब्रेक लावला आणि इंजिन बंद केले, म्हणजेच कोणी मध्ये जावे. पाचवे, भोके जुळली की नाही हे बोट घालून पाहू नये, सळईने पाहावे. बोट कापले जाते ते याच क्षणी.

पिन आणि क्लिप बसली की सुरक्षा साखळी लावावी. दोन साखळ्या असतील तर दांड्याखालून एकमेकींना ओलांडून लावाव्यात. पिन निसटली तरी दांडा त्यांच्या झोळीत पडतो, जमिनीत रुतत नाही. साखळी वळणापुरती सैल असावी, जमिनीला घासू नये. शेवटी टेकू आणि ठोकळे काढावेत, दहा पावले पुढे जाऊन थांबावे आणि जोड पुन्हा एकदा पाहावा.

चढ, उतार आणि रात्र

निपाणी सोडून संकेश्वरकडे निघाले की तवंदीचा घाट लागतो. तेथे जड वाहनांची रांग पाहिली की गिअरचे महत्त्व कळते. चढाला लागण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा. ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गिअर काढणे किंवा क्लच दाबून धरणे हे जिवावरचे काम आहे. वर सांगितलेल्या १,८०० किलोच्या ट्रॅक्टरमागे १०,००० किलोची ट्रॉली म्हणजे आपल्या वजनाच्या साडेपाच पट भार पाठीमागून ढकलत असतो. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर तो सारा भार ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी अडवायचा असतो. ट्रॉली पुढे येऊन ट्रॅक्टरला आडवे पाडते ते अशाच वेळी. म्हणून नवी ट्रॉली घेताना पैसे फाळक्याच्या रंगावर न घालता ब्रेकवर घालावेत. दोन ट्रॉल्या जोडून घाट उतरण्याचा मोह टाळावा. एकेक करून न्यावी.

रात्री ट्रॉलीच्या मागे लाल दिवा आणि लाल परावर्तक हवाच. बाहेर आलेल्या उसाने दिवा झाकला जातो, म्हणून परावर्तक पट्टी उसाच्या मागे दिसेल अशी लावावी. टायर फुटून ट्रॉली रस्त्यात उभी राहिली तर नुसते दगड मांडून निघून जाऊ नये. दगड अंधारात दिसत नाहीत आणि काम झाल्यावर ते रस्त्यातच राहतात. बरेच अंतर मागे परावर्तक त्रिकोण ठेवावा आणि एक माणूस बॅटरी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहावा. मागून मोटारसायकलवर येणारा कोणाचा तरी मुलगा असतो.

मडगार्डवर, दांड्यावर किंवा उसाच्या ढिगावर कोणाला बसवू नये. लग्नाला, जत्रेला, सणाला ट्रॉलीतून माणसे नेण्याची प्रथा अजून पूर्ण गेलेली नाही. ट्रॉली मालासाठी असते. माणसांसाठी कायदा तिला परवानगी देत नाही, आणि पिन तुटली तर ती माल आणि माणूस असा भेद करत नाही. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा यांची कागदपत्रेही ट्रॅक्टरप्रमाणेच वेळेवर पाहावीत.

येथे एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५९ साली फरीदाबादला आयशरचा पहिला भारतीय बनावटीचा ट्रॅक्टर बाहेर पडला. त्याच १९५९ साली स्वीडन देशाने नव्या ट्रॅक्टरांवर चालकाच्या रक्षणासाठी भक्कम चौकट सक्तीची केली. ट्रॅक्टर उलटला तरी चालक तिच्या आत वाचतो. त्या देशात ट्रॅक्टरखाली सापडून मरणाऱ्यांची संख्या पुढे फार घटली. आपल्याकडील जुन्या ट्रॅक्टरांना बहुधा अशी चौकट नसते; उन्हासाठी लावलेले पत्र्याचे छत म्हणजे ती चौकट नव्हे. म्हणून आपल्याला जोड आणि चाल यांचीच अधिक काळजी घेतली पाहिजे.

इजा झालीच तर

बोट किंवा हात चिरडला : स्वच्छ कापड जखमेवर ठेवून घट्ट दाबून धरावे आणि हात छातीच्या वर उचलावा. हळद, चुना, तंबाखू, चहापूड यांतले काहीही जखमेत भरू नये. दाबूनही हातापायाचे रक्त थांबत नसेल तर जखमेच्या वर रुंद पट्टी घट्ट आवळावी, वेळ लिहून ठेवावी आणि ती डॉक्टरांनीच सोडावी. दोरी किंवा तार आवळू नये.

बोट तुटून पडले : ते शोधावे. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, पिशवीचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नये. जितक्या लवकर मोठ्या रुग्णालयात पोचाल तितकी ते जोडले जाण्याची आशा.

छाती किंवा पोट मधे दाबले गेले : बाहेर जखम नसली आणि माणूस “मला काही झाले नाही” म्हणाला तरी त्याला रुग्णालयात न्यावे. आतला रक्तस्राव तासा-दोन तासांनी दिसतो. चहा, पाणी, दारू देऊ नये.

ट्रॉलीखाली सापडला : प्रथम इंजिन बंद, चाकांना ठोकळे. उचलण्याची घाई करून ट्रॉली दुसऱ्यांदा अंगावर पाडू नये. मान आणि पाठ वाकवू नये. फळीवर सरळ ठेवूनच हलवावे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे मिळते. सीमेवरचे गाव असेल तर गावाचे नाव, तालुका आणि जवळची मोठी खूण स्पष्ट सांगावी.

लोखंडाची जखम असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना विचारावे.

घरात बसून विचारा

हा धडा चालकापुरता नाही. संध्याकाळी घरातल्या सर्वांनी मिळून पुढील प्रश्नांची उत्तरे शोधावीत.

१. आपल्या ट्रॅक्टरचा हूक मागच्या आसाच्या मध्याच्या खाली आहे की वर? टेपने मोजून सांगा.
२. आपल्या पिनेला खरी क्लिप आहे की तार?
३. मागच्या हंगामात ट्रॉली जोडताना मधे कोण उभे राहत होते? या हंगामात तो कोठे उभा राहील?
४. दोन्ही ब्रेकची खिटी रस्त्यावर लागते काय? ती लावण्याची आठवण कोण करील?
५. मजुराला किंवा नव्या पोराला ही रीत कोणी समजावून सांगितली आहे काय?

पिन, क्लिप आणि साखळी या तिन्हींचा मिळून खर्च एका टायराच्या पासंगालाही लागत नाही. हूक एक फूट खाली घेण्यास वेल्डिंगवाल्याचा अर्धा दिवस लागतो. बैलगाडीच्या काळात जू तोलात आल्याशिवाय गाडी हलत नसे. ट्रॉली भरून झाली की चालकानेही चावी फिरवण्यापूर्वी एकदा खाली उतरावे, मागे जावे आणि वाकून जोड पाहावा.